माझ्या किडनीचा हिशोब तू का केलास, ताई?

ताई,

तुझा फोटो भावोजींनी हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलाय आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसते. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटतं, धाकट्या बहिणीला बघवत नाहीये. बघवतं की. मी तुझ्यावर चिडले आहे, म्हणून पाठ करते. गेलेल्या माणसावर राग धरू नये, असं सगळे सांगतात. मग तो ठेवायचा कुठे, हे मात्र कुणी सांगत नाही.

लोक येतात, दाराबाहेर चपला काढतात, पाणी पितात आणि म्हणतात, "सुटली बिचारी." तुमच्या मजल्यावरच्या काकू तर दोनदा म्हणाल्या. मग तुझ्या ऑफिसच्या मॅडम आल्या. भावोजींचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "किती निःस्वार्थी होत्या हो सुलभाताई. शेवटपर्यंत दुसऱ्यांचाच विचार." मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथे बसून दातओठ खाल्ले. दुसऱ्यांचाच विचार! त्या दुसऱ्यांना न विचारता केलेला विचार.

मॅडम गेल्यावर भावोजी आत आले. बटाटे चिरून उकळत ठेवले होते त्यांनी. ते उतरवले, पाणी सगळं सिंकमध्ये ओतलं, परत नवीन पाणी घातलं. पोटॅशियम निघून जावं म्हणून तुझ्यासाठी करायचे तसं.

"भावोजी, पाणी कशाला फेकताय? आता आपल्यालाच खायचेत."

ते पातेल्याकडे बघत राहिले. "हो गं," म्हणाले, "हाताला सवय लागलीय."

त्यांच्यावरही चिडले होते मी. पण त्या बटाट्यांकडे बघून त्यांच्यावरचा राग ओसरला. तुझ्यावरचा नाही.

आरोग्य सर्वेक्षणाच्या नोकरीत तू लोकांच्या आजारपणाला मार्क द्यायचीस. मी असं म्हटलं की तुला राग यायचा. "आजारपणाला नाही, जगण्याला," असं म्हणायचीस. धडधाकट माणसाचं जगणं म्हणजे एक, मरण म्हणजे शून्य, आणि आपण सगळे मधे कुठेतरी. चालता येतं का, अंघोळ आपली आपण करता येते का, रोजची कामं होतात का, किती दुखतं, काळजी किती वाटते, असं विचारत तू गावोगाव फिरायचीस आणि त्या उत्तरांतून शून्य ते एकमधला तो आकडा, तुमचा युटिलिटी इंडेक्स, निघायचा. माझं काम जासईच्या बाजूला, कंटेनर यार्डात. कंटेनर उचलणारी मोठी मशीनं चालू ठेवायची. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर स्क्रीन आहे, त्यावर दिवसभर आकडे फिरतात, कुठलं मशीन किती टक्के वेळ चाललं आणि किती वेळ नुसतं उभं राहिलं. युटिलायझेशन. एका आईच्या दोन मुली, दोघी आकड्यांच्या नोकरीत. वडाळे तलावाच्या कट्ट्यावर बसून आपण त्यावरून किती भांडलो असू.

"तुमच्याकडे मशीन उभं राहिलं की पाप," तू म्हणायचीस.

"आणि तुमच्याकडे माणूस आडवा झाला की अपूर्णांक," मी म्हणायचे.

तेव्हा हसायचीस. तुझं हसणं मोठं होतं. कट्ट्यावरची माणसं वळून बघायची.

तुझ्या कामाला मी नावं ठेवली, पण तुला कधी ठेवली नाहीत. एका रविवारी मला डोंगराकडच्या वाडीवर घेऊन गेली होतीस, आठवतं? वीटभट्टीवर काम करणारी बाई होती, गुडघे सुजलेले. तू विचारलंस, "चालायला त्रास होतो का?" ती म्हणाली, "नाय." मी तिच्या गुडघ्यांकडे बघत होते. तू पेन खाली ठेवलंस, तिच्या शेजारी जमिनीवर बसलीस आणि परत विचारलंस, "त्रास होतो, पण चालावंच लागतं, असं आहे का?" ती म्हणाली, "मंग? बसून कोन देल खायाला?" नियमाप्रमाणे तिचं "नाय" लिहायचं आणि पुढच्या घरी जायचं. तू लिहिलं नाहीस. ऑफिसात वरच्यांशी वाद घातलास, की हा प्रश्न असा विचारला तर जी माणसं सगळ्यात जास्त सोसतात तीच कागदावर निरोगी दिसतात. प्रश्न बदलून घेतलास. मला तुझा फार अभिमान वाटला होता तेव्हा.

म्हणून तर संताप होतो. त्या बाईला तू दुसऱ्यांदा विचारलंस, ताई. मला एकदाही नाही.

तुझ्या किडन्या गेल्या तेव्हा मधुमेह जुनाच होता, त्यामुळे डॉक्टरांना नवल वाटलं नाही. आपल्यालाच वाटलं. डायलिसिस सुरू झालं. नवीन पनवेलच्या त्या सेंटरमध्ये खिडकीजवळची खुर्ची तुझी. पहिल्या दिवशी तुझ्या हाताला नळ्या लावल्या आणि तुझं रक्त मशीनमध्ये फिरायला लागलं तेव्हा मी बाहेर जाऊन रडले. तू आत सिस्टरना विचारत होतीस, हे मशीन दिवसाला किती पेशंट करतं म्हणून.

मी त्याच आठवड्यात सांगितलं, माझी घे. रक्तगट एक. तू म्हणालीस, बघू. भावोजी म्हणाले, विचार कर. मी विचार केला होता. मी सगळ्या तपासण्या केल्या. नवी मुंबईतल्या त्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये माझ्या किती सकाळी गेल्या. यार्डातल्या साहेबांना रजेचं आधीच सांगून ठेवलं. आणि मग एक दिवस तिथल्या डॉक्टरांनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं.

"तुमचे काही रिपोर्ट्स आम्हाला समाधानकारक वाटत नाहीत," ते म्हणाले. "डोनर म्हणून तुम्हाला घेता येणार नाही."

"कुठले रिपोर्ट?"

"तुम्हाला रोजच्या आयुष्यात काही धोका नाही. पण डोनरच्या बाबतीत आम्ही जरासुद्धा रिस्क घेत नाही." ते माझ्याकडे बघत नव्हते, टेबलावरच्या पेनकडे बघत होते. मला वाटलं, वाईट बातमी सांगताना सगळे डॉक्टर असंच करतात.

घरी येऊन मी आरशासमोर उभी राहिले. एवढी धट्टीकट्टी दिसते मी, यार्डात उन्हात उभी राहून माणसांवर ओरडते, आणि बहिणीला द्यायच्या वेळी माझं शरीर नापास. मी तुझी माफी मागितली, ताई. तुझ्या पलंगावर बसून, तुझे पाय धरून मी माफी मागितली. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. "जाऊ दे गं, वेडे, तुझ्या हातात आहे का ते?" असं म्हणालीस.

असं म्हणालीस तू! सगळं माहीत असताना!

त्यानंतर मी मीठ कमी केलं. रात्री पाठ दुखली तरी घाबरायचे. आपल्यात काहीतरी खराब आहे, या भावनेनं मी जगले. मेंदूमृत रुग्णाकडून किडनी मिळावी म्हणून यादीत तुझं नाव घाला, असं मी तुमच्या मागे लागले. भावोजी "हो, बघतो" म्हणायचे आणि विषय बदलायचे.

मग यार्डाची वार्षिक आरोग्य तपासणी आली. सगळ्यांची होते, माझीही झाली. कंपनीच्या डॉक्टरांना मी आधीच सांगितलं, माझ्या किडनीत काहीतरी दोष आहे, नीट बघा. त्यांनी रिपोर्ट दोनदा चाळले. "मॅडम, कोणी सांगितलं तुम्हाला?" मी पनवेलमधल्या दुसऱ्या किडनीतज्ज्ञाकडे गेले. नवे-जुने सगळे रिपोर्ट त्याच्यासमोर टाकले. तो म्हणाला, "तुम्ही उत्तम डोनर आहात. त्यांनी नाही का म्हटलं, ते मला कळत नाही."

मला कळलं. डॉक्टरांचं ते पेनकडे बघणं आठवलं आणि कळलं. स्कूटर कुठे लावली ते आठवेना, असा राग आला.

त्या रविवारी संध्याकाळी मी सुकापूरला तुमच्या घरी आले. भावोजींनी दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि म्हणाले, "तिला आज थकवा आहे, विनू." त्यांना माहीत होतं. तू त्यांना शपथ घातली होतीस. बावीस-तेवीस वर्षांच्या संसारात त्या माणसाने तुझा शब्द मोडला नाही, तो तिथे तरी मोडायला हवा होता.

तू पलंगावर उशीला टेकून बसली होतीस. तोंडात बर्फाचा खडा होता. तुला पाणी मोजून प्यायचं असायचं, म्हणून तहान लागली की बर्फ चघळायचीस.

"माझ्या किडन्या ठणठणीत आहेत," मी म्हटलं.

तू बर्फ एका गालातून दुसऱ्या गालात नेलास. उत्तर द्यायला लागू नये म्हणून, मला माहीत आहे.

"तू डॉक्टरांना काय सांगितलंस?"

"बस आधी."

"नाही बसणार. काय सांगितलंस?"

"सांगितलं, मला घ्यायची नाही. आणि हेही सांगितलं की मी नाही म्हटलं तर माझी बहीण ऐकणार नाही, माझ्या उरावर बसेल. तेव्हा तुमच्या पद्धतीने तिला काय ते सांगा."

"आणि त्यांनी ऐकलं?"

"पेशंट नको म्हणत असेल तर ते तरी काय करणार?"

"मला खरं सांगणार! मी मूर्ख नाही, ताई. मी तुझे पाय धरले होते."

तू खिडकीकडे बघितलंस. मग तुझ्या त्या शांत, मीटिंगमधल्या आवाजात बोलायला लागलीस. तो आवाज मला सहन होत नाही. "माझा मधुमेह, त्यात हार्ट हे असं कमजोर. नवी किडनी बसली तरी वर्षं किती मिळणार? आणि ती तरी कशी, गोळ्यांवर, इन्फेक्शनच्या भीतीत. तुझं मात्र पोट फाडायचं, आणि पुढचं सगळं आयुष्य एका किडनीवर ठेवायचं. मी सगळ्या बाजूंनी मांडून बघितलं, विनू. हेच काम केलंय मी आयुष्यभर. नाही बसत."

"काय नाही बसत?"

"हिशोब."

"मग त्या हिशोबात मी कुठे होते?"

"होतीस ना. तुझंच नुकसान धरलं मी जास्त. तू एकटी आहेस. उद्या तुला काही झालं तर तुझं कोण आहे?"

"तू होतीस!" मी ओरडले. "तू आहेस ना माझी!"

भावोजी दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले.

तू एकटी आहेस. हे तू म्हणालीस, ताई. मी लग्न करणार नाही म्हटल्यावर आख्खं घर माझ्यावर धावून आलं होतं, तेव्हा तू मधे उभी राहिलीस. "तिचं एकटं राहणं हा आजार नाहीये," असं सगळ्यांना ठणकावलं होतंस. मेकॅनिकलला जायचं म्हटल्यावर बाबांशी तूच भांडलीस. मला पनवेलला आणलंस, स्कूटर शिकवलीस, नोकरीच्या पहिल्या दिवशी यार्डाच्या गेटपर्यंत सोडायला आलीस आणि ट्रेलरच्या धुळीत उभी राहून हात हलवत राहिलीस. तुझ्या जिवावर मी ताठ मानेने एकटी राहिले. आणि शेवटी हिशोबाला बसलीस तेव्हा तूसुद्धा माझं एकटेपण उणे बाजूला लिहिलंस.

मग तू माझंच शस्त्र काढलंस. मागच्या वर्षी आमच्या यार्डातलं एक भाड्याचं मशीन परत पाठवायचं मॅनेजरने ठरवलं होतं, कारण स्क्रीनवर ते बहुतेक वेळ उभंच दिसायचं. मी अडून बसले की एक मशीन राखीव हवंच. मीटिंगला काय बोलायचं, कसं बोलायचं, ते तूच माझ्याकडून घोटून घेतलं होतंस. ते मशीन अजून आमच्याकडे आहे.

"तूच म्हणालीस ना," तू म्हणालीस, "स्टँडबाय मशीन रिकामं दिसलं तरी ते रिकामं नसतं. मग तुझी दुसरी किडनी मी कशी काढून घेऊ?"

"अगं, पण स्टँडबाय ठेवतात कशाला?" मी म्हटलं. "दुसरं बंद पडलं की चालू करायला! नुसतं जपून ठेवायला नाही. तू बंद पडत होतीस आणि मी शेजारी उभी होते, चालू स्थितीत. मला चालू करू दिलं नाहीस."

तू काहीतरी बोलायला गेलीस. तुझ्या चेहऱ्यावर, मी शपथेवर सांगते, पहिल्यांदा असं दिसलं की हे तुझ्या डोक्यात आलं नव्हतं. ओठ हलले तुझे. मग धाप लागली. भावोजी धावत आले, उशी वर केली, पंखा वाढवला.

"उद्या ये," तू मला म्हणालीस. "उद्या भांडू. आज दम नाही."

मी म्हटलं, "उद्या सोडणार नाही तुला."

सोमवारी सकाळी मी यार्डात होते. काल काय काय बोलायचं राहिलं ते मनात जुळवत होते. की तुमचे सगळे प्रश्न आजारी माणसालाच का असतात? तुला चालता येतं का, तुला दुखतं का, धडधाकट होण्यासाठी तुझी किती वर्षं तू सोडशील. जो मागे राहणार आहे त्याला एकही प्रश्न का नाही? तुझी ती थोडीशी, गोळ्यांवरची, अर्धीमुर्धी वर्षं मला किती मोलाची होती, हे कुठल्या रकान्यात धरलंस? असं सगळं तयार होतं माझ्याकडे. संध्याकाळी येऊन एकेक करून तुझ्यासमोर ठेवणार होते. भावोजींचा फोन आला तेव्हा शेजारीच मशीन कंटेनर उचलत होतं आणि त्या आवाजात मला ते काय बोलतायत ते ऐकूच येत नव्हतं. मी "काय? काय?" करत ऑफिसकडे पळाले. दार लावून घेतल्यावर ऐकू आलं. तू चहाआधीच गेली होतीस. हार्ट.

माझ्या हातातून भांडण काढून घेतलंस. त्याला मी त्याग म्हणणार नाही. मॅडम म्हणू देत, काकू म्हणू देत. नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क होता, तुझं शरीर होतं. पण माझ्या शरीरात दोष आहे असं मला वाटू देऊन, त्या खोट्यावर मला रडू देऊन, माझ्या केसांवरून हात फिरवणं? हे कुठल्या इंडेक्समध्ये बसतं, सांग.

आणि तरीही, ताई, रात्री कुशीवर वळले की हात आपोआप कमरेवर जातो. दोन्ही जागच्या जागी आहेत. तू ठेवलेल्या. मी त्यांना तुझ्या वाटणीच्या शिव्या घालते, आणि मग पाणी पिते. पोटभर पिते.

काल मी डायलिसिस सेंटरवर गेले होते. तुझी निळी चादर तिथेच राहिली होती, ती घेऊन जा असा सिस्टरचा फोन होता. तुझ्या खुर्चीवर एक बाई होती. मी दारातच थांबले. सिस्टर ओशाळली. "मॅडम, खुर्ची रिकामी ठेवता येत नाही हो. वेटिंग असतं." मी म्हटलं, "ठेवूही नका." तूही तेच म्हणाली असतीस.

त्या बाईने मला चादर घेताना बघितलं. चिरनेरची होती, माझ्याच वयाची.

"तुमची कोन होती?"

"बहीण. मोठी."

"किडनी नाय मिलाली?"

"मी देत होते. तिने घेतली नाही. मला खोटं सांगितलं की माझी चालत नाही."

ती हळूच म्हणाली, "बरं केलं तिनी. माजा भाव पन मागं लागलाय. त्याला सांगितलंय, तुजी जुलत नाय. डाक्टरला पन तसंच सांगायला लावलंय."

माझ्या हातात चादर तशीच राहिली.

"जुळते का खरं तर?"

तिने हातावरची नळी उगाच सरळ केली.

"त्याला नाही म्हणा हवं तर," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनी डोळे उघडले. "पण त्याच्या तोंडावर म्हणा."

"तुमाला काय जातंय बोलायला? त्याची पोरं लहान हायत."

"मग ते त्याला सांगा. त्याला काय म्हणायचंय ते म्हणू द्या. भांडू द्या त्याला."

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. सिस्टरने मला खांद्याला धरून बाहेर आणलं. "मॅडम, प्लीज, बीपी वाढतं पेशंटचं." बरोबर होतं तिचं. मी सॉरी म्हटलं.

बाहेर बाकावर एक माणूस वडापाव खात बसला होता. मला बघून उठला. चेहरेपट्टी तीच. "ताई, माज्या भैनीशी बोलत व्हतात ना तुमी? काय बोलली?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याची बातमी त्याला मी देणार नव्हते. ती द्यायचा हक्क तिचा.

"तिलाच विचारा," मी म्हटलं. "आत्ताच विचारा."

त्याने वडापाव कागदात गुंडाळून खिशात कोंबला आणि तसाच आत गेला. सिस्टर ओरडली, "चप्पल! ओ, चप्पल बाहेर!" नुसती मशीनं घरघरत होती. मग त्याचा आवाज आला, "येडी हायस का तू?" आणि तिचा, त्याच्यावर चढून, "मंग काय करू? तुज्या पोरांना मी सांभालू?" आणि परत त्याचा. सिस्टर दोघांना गप्प करत होती आणि दोघंही गप्प होत नव्हते.

मला यार्डात परत जायचं होतं. चादर काखेत धरून मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. खाली उतरले नाही, ताई. त्यांचं भांडण संपेपर्यंत तिथेच उभी राहून ऐकलं.